खंडूसाठी कुंपण

आमच्या राजा कुत्र्याला आम्ही साखळीने बांधत होतो, म्हणून तो बिबट्याच्या तोंडी गेला. २०१९ चा श्रावण, पहाटे अडीच-तीनचा सुमार. ओसरीच्या खांबाला त्याची साखळी असायची. आवाज एकदाच आला, आणि तो भुंकण्याचा नव्हता, साखळीला हिसका बसल्याचा होता. हे बॅटरी घेऊन बाहेर येईपर्यंत खांबाला साखळी होती, साखळीला पट्टा होता आणि पट्टा रिकामा होता. ओल्या अंगणातून एक रेघ सरळ उसाच्या बांधापर्यंत गेली होती. मोकळा असता तर कदाचित पळाला असता, घरात शिरून कॉटखाली दडला असता. आपणच त्याला एका जागी खिळवून ठेवलं, हे माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

म्हणून खंडू घरात आला तेव्हा मी आधी एकच गोष्ट ठरवली. याला साखळी नाही.

खंडू आला तो २०२१ च्या चंपाषष्ठीला. आमचं कुलदैवत खंडोबा. त्या दिवशी वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा असा नैवेद्य झाला की कुत्र्याला घास घालायचा, ही घरची रीत. सासूबाई पान घेऊन दारात गेल्या तर उकिरड्याजवळ तीनेक महिन्यांचं पिल्लू थरथरत उभं. त्याने रोडगा खाल्ला, पान चाटलं आणि सासूबाईंच्या मागोमाग येऊन उंबऱ्यात बसलं. "देवाने धाडलाय, हाकलू नका," एवढंच त्या म्हणाल्या. नाव शोधायची गरजच पडली नाही.

वर्षभरात पिल्लाचा मोठा कुत्रा झाला. पाय लांब, पोट आत, तोंड निमुळतं. बघणारा प्रत्येक जण म्हणायचा, यात कारवानी रक्त आहे. असणारच, कारण धावताना त्याचे चारी पाय जमिनीवर दिसायचे नाहीत. आणि कारवानी कुत्रा नाकापेक्षा डोळ्याने शिकार करतो. लांबवर काहीतरी हललं की त्याचे कान बंद होतात, हाक मारून उपयोग नसतो. खंडू सकाळी निघायचा तो दुपारी कान फाटलेला, अंगाला कुसळं लागलेला असा परत यायचा.

मग तक्रारी सुरू झाल्या. शेजारच्या तात्यांच्या तीन गावरान कोंबड्या त्याने एका दुपारी मारल्या. आम्ही पैसे दिले, तात्यांनी ते घेतले, पण त्यांच्या बायकोने पुढे महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. अंड्यावर बसवलेली कोंबडी होती, तिचं दुःख पैशाने जाणारं नव्हतं आणि ते मला कळत होतं. त्यानंतर रस्त्यावर प्रकार घडला. कल्याणहून माळशेजमार्गे नगरकडे जाणारा महामार्ग आमच्या घरापासून अर्धा किलोमीटरवर आहे. खंडू आडवा गेला, दूध घालून परतणारा एक मुलगा मोटारसायकलसह पडला. हात मोडला त्याचा. दवाखान्यात त्याच्या आईच्या शेजारी बाकड्यावर बसले होते तेव्हाच मनाशी म्हटलं, आता पुरे. आपल्या कुत्र्याचं मोकळेपण दुसऱ्याच्या लेकराच्या हाडांवर नको.

"बाई, बांधा त्याला," सगळं गाव म्हणत होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे गावाला मी बाईच. बांधायला मी तयार नव्हते. राजाचं कारण तर होतंच. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात स्पष्ट म्हटलंय की जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं ही क्रूरता आहे, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हीसुद्धा. खेड्यात हे कलम फारसं कुणाला ठाऊक नसतं. पण दिवसभर बांधलेला कुत्रा कसा होतो हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तो गोल गोल फिरत राहतो, मातीत त्याच्या पायांचं रिंगण उमटतं आणि शेवटी तो घरच्या पोरांवरही गुरगुरायला लागतो.

पुण्याहून मुलाने तोडगा काढला. त्याच्या अमेरिकेतल्या मित्राकडे न दिसणारं कुंपण होतं. १९७० च्या दशकात तिकडे हे निघालं आणि आता सर्रास वापरतात, कारण काही वसाहतींत घरापुढे उभं कुंपण घालायला परवानगीच नसते. २०२३ च्या फेब्रुवारीत मुलाने त्याचा संच ऑनलाइन मागवून घरी आणला. साधारण दहा हजारांत काम झालं. जाळीचं कुंपण घालायचं तर लाखाच्या पुढे आकडा जात होता, म्हणून हेही खूश होते.

हे चालतं कसं, ते सांगते. भिंतीवर एक डबी लावायची. तिच्यातून निघालेली तार आवाराभोवती फिरवून परत डबीतच आणायची, वेढा पूर्ण झाला पाहिजे. तार जमिनीत दोन-चार बोटं पुरली तरी चालते. तारेतून रेडिओलहर जाते आणि कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावरची डबी ती ओळखते. कुत्रा तारेजवळ आला की पट्ट्यात बीप वाजतो, त्याहून पुढे गेला की मानेला झटका बसतो. घरापासून वेढ्यापर्यंत मात्र दोन तारा एकमेकींना पीळ देऊन न्यायच्या, कारण पिळलेल्या तारांमधली लहर एकमेकीला मारते आणि तिथून कुत्रा बिनधास्त येजा करू शकतो. पट्ट्याच्या आतल्या बाजूला धातूचे दोन खुंट असतात, मटाराच्या दाण्याएवढे. ते केसांतून कातडीला टेकले पाहिजेत. दहा-बारा तासांवर पट्टा गळ्यात ठेवायचा नाही, नाहीतर त्या दोन ठिकाणी दाबून जखमा होतात.

ते दोन खुंट बघून माझा जीव खालीवर झाला. खंडूच्या गळ्यात घालण्याआधी मी ते स्वतःच्या मनगटाला आतल्या बाजूने लावले आणि तारेकडे चालत गेले. बीप वाजला, मी थांबले नाही. मग बसला. दुखलं असं म्हणता येणार नाही, पण हात आपोआप मागे उडाला. हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर काढताना बसतो तसा, त्याच्या चौपट. मुलगा म्हणाला, "आई, सगळ्यात खालच्या पातळीवर आहे हे." मी म्हटलं, याच्या वर जायचं नाही.

शिकवण मात्र आम्ही मनापासून केली, त्यात कसूर ठेवली नाही. तारेच्या आत हातभर अंतरावर पांढरी निशाणं रोवली. पहिला आठवडा झटका बंद आणि फक्त बीप. दोरी लावून त्याला निशाणापर्यंत न्यायचं, बीप वाजला की वळवून आत आणायचं आणि भाकरीचा तुकडा द्यायचा. सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं. पहिलीतल्या पोरांना अक्षरं गिरवायला लावायची तसंच. खंडू हुशार. चौथ्या दिवशी बीप वाजताच स्वतः वळून माझ्या हाताकडे बघायला लागला. दुसऱ्या आठवड्यात झटका सुरू केला. तो त्याने दोनदा खाल्ला, केविलवाणं ओरडला, आणि पुढे निशाणांच्या पलीकडे पाऊल टाकेना. तात्यांच्या कोंबड्या बांधावरून आमच्याकडे बघत चरायच्या आणि हा आत बसून राहायचा. मला वाटलं, झालं, जमलं.

मग मार्चमधली ती संध्याकाळ आली. दिवस मावळायला आलेला. मी पाणी तापवत होते आणि हे गोठ्यात होते. पश्चिमेच्या हरभऱ्याच्या रिकाम्या रानातून ससा निघाला. खंडूने तो पाहिला आणि तो सुटला. बीप वाजला असेल, झटकाही बसला असेल. त्याने एक आवाज काढला आणि तसाच पार झाला. एका उडीत तारेच्या पलीकडे. ससा कधीच उसात गेला होता.

आता खंडू परत यायला निघाला आणि निशाणांपाशी येऊन थांबला. घर समोर, मी समोर, भाकरीचा तुकडा माझ्या हातात. तो पुढे येईना. एक पाय उचलायचा, परत ठेवायचा. शिकार दिसली तेव्हा झटका सोसून तो बाहेर गेला, पण शांतपणे चालत परत येताना त्याच झटक्याची आठवण त्याला आड आली. ज्या रेघेने त्याला आत ठेवायचं, तिनेच त्याला बाहेर ठेवलं. मी धावत जाऊन डबीचं बटण बंद केलं. तरी येईना. त्याच्या दृष्टीने तार चालू आहे की बंद, याला काही अर्थ नव्हता. निशाणं दिसत होती ना. त्याच्या मागे वीस पावलांवर ऊस, बाराफुटी, आणि अंधार पडत चाललेला. तोच ऊस, जिथे राजाची रेघ गेली होती.

मी निशाणं उपटत सुटले. हातात मावेनात म्हणून पदरात घेतली. हे पलीकडून गेले, त्याच्या गळ्यातला पट्टा काढला आणि त्याला खांद्यावर उचलून आणलं. पंचवीस किलोचं जनावर, हे पासष्टीचे. आत आणून सोडलं तर तो सासूबाईंच्या खाटेखाली गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निघाला नाही.

तो पट्टा मी पुन्हा त्याच्या गळ्यात घातला नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. आपण प्रश्नच अर्धा मांडला होता, हे तेव्हा लक्षात आलं. कुत्रा बाहेर जाऊ नये एवढंच आम्ही बघत होतो. आत कोण येईल, याचा विचार त्या तारेत नव्हताच. ती तार फक्त पट्टा घातलेल्या कुत्र्याला दिसते. बिबट्याला ती नाही, गावातल्या इतर कुत्र्यांना नाही, पिसाळलेलं एखादं आलं तर त्यालाही नाही. म्हणजे कुत्रा आत अडकलेला आणि येणाऱ्याला सगळं रान मोकळं. साखळी थोडी लांब केल्यासारखंच झालं.

आमच्याकडे बिबट्या ही ऐकीव गोष्ट नाही. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे या धरणांचं पाणी आलं, आमचा जुन्नर तालुका उसाने भरला आणि उसात बिबटे राहायला लागले. तिथेच विणीला बसतात, तोडणीच्या वेळी फडात बछडे सापडतात. बिबट्यांचं निवारा केंद्रसुद्धा आमच्याच तालुक्यात, माणिकडोहला आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून तो काय खातो याचा अभ्यास केला होता. त्यात पोटात गेलेल्या एकूण भक्ष्याच्या वजनापैकी ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या, गाई, वासरं सगळी त्यांच्या मागे. माझ्या वर्गातल्या पोरांना मी टक्केवारी शिकवली, पण हा आकडा वाचला तेव्हा मला डोळ्यांपुढे रिकामा पट्टाच दिसला.

लाइटीचा प्रश्न वेगळाच. तारेची डबी विजेवर चालते आणि आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. ती इन्व्हर्टरवर टाकली होती, तरी एकदा बॅटरी उतरली आणि अर्धा दिवस कुंपण मेलेलं होतं, हे आम्हाला कळलंही नाही. शिवाय जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हाताचा पंजा जाईल अशा भेगा पडतात, त्या भेगांनी तार एका जागी ताणून तोडली होती. ती कुठे तुटली हे शोधण्यात माझा एक रविवार गेला. अमेरिकेतल्या हिरवळीवर हे चालत असेल. पण परदेशातही सगळीकडे नाही. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये २०१० पासून झटक्याच्या पट्ट्यांवर बंदीच आहे.

तात्या म्हणाले, झटका मशीन लावा. त्यांच्या मक्याला रानडुकरांचा त्रास, म्हणून त्यांनी बसवलंय. सोलर पॅनल, बारा व्होल्टची बॅटरी आणि मशीन. ते सेकंदा-सव्वासेकंदाला तारेत एक झटका सोडतं. व्होल्टेज हजारांत असतं पण क्षणार्धापुरतं, म्हणून जीव जात नाही. इथे एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. काही लोक मशीनचा खर्च वाचवायला घरातली किंवा मोटारीची लाइट थेट तारेत सोडतात. हा गुन्हा आहे, आणि त्याने माणसं मरतात, बहुतेक वेळा त्याच घरातली किंवा शेजारची, रात्री पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला गेलेली. कुत्र्यासाठी असो की डुकरासाठी, हे कुणीही करू नये.

मशीनचाही विचार आम्ही केला. खंडूने तात्यांच्या तारेला एकदा नाक लावलं होतं, तेव्हापासून तो त्या बांधाला जात नव्हता. म्हणजे गुण येतो. पण गवत वाढून तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो. उन्हाळ्यात माती वाळली की अर्थिंग ढिलं पडतं, रॉडच्या बुडाशी पाणी ओतावं लागतं. ही राखण मक्याच्या हंगामापुरती ठीक, बारा महिने अंगणाभोवती ती कोण करणार? आणि सुट्टीत नातवंडं येतात, सासूबाईंना अंधारात नीट दिसत नाही. घराभोवती झटक्याची तार मला नको होती.

निर्णय झाला तो मेमध्ये, आणि तो करवला एका मेंढपाळबाबांनी. पारनेरकडचे धनगर दिवाळीनंतर माळशेज उतरून कोकणात जातात, पावसाच्या तोंडावर माघारी येतात. जाता-येता त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह तळ, आमच्या रानात दोन-चार रात्री बसतो. मेंढ्यांचं खत शेताला मिळतं, आम्ही धान्य देतो. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे पायली बाजरी घेऊन गेले. बाबा वाघर लावत होते. वाघर म्हणजे दोरीची जाळी, खुंट्यांवर ताणून तिचा गोल करायचा आणि रात्री मेंढ्या त्यात कोंडायच्या. दोन कुत्री बाहेर बसलेली. एकाच्या गळ्यात चामड्याचा रुंद पट्टा आणि त्यातून चहूकडे बोटभर खिळे बाहेर आलेले. बिबट्या कुत्र्याला मानेलाच धरतो, म्हणून हे खिळे. पट्टा जुना होता, चामडं काळं पडलेलं, दोन खिळे वाकलेले. ते कशाने वाकले, ते मी विचारलं. "गेल्या साली माळशेजला. कुत्रं वाचलं," बाबा म्हणाले.

मी त्या पट्ट्याला हात लावून बराच वेळ उभी राहिले. याचे खिळे बाहेर होते, आमच्या पट्ट्याचे खुंट आत होते. बाबांना मी आमच्या तारेची हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "बाई, कुत्र्याला भ्या घालून काय मिळायचं? भ्या बिबट्याला घालायचं. तुमचं घर एका जाग्यावर हाय. आम्ही रोज नवी वाघर लावतो. तुम्ही एकदाच लावा, चांगली लावा."

घरी येऊन मी यांना सांगितलं, जाळी घालायची. माझ्या पेन्शनीतून घालू.

सगळ्या शेताला घालणं शक्यच नव्हतं. घर, गोठा, विहीर आणि चार आंब्यांची झाडं धरून चौदा गुंठे आखले. घेर पाचशे फुटांचा भरला. एवढी जागा खंडूला धावायला पुरेल का, हाच माझा घोर. म्हणून आखताना मी एक हट्ट धरला, की पश्चिमेची बाजू लांब आणि सरळ राहिली पाहिजे. तिथे एकशे चाळीस फुटांची धाव मिळते. हे म्हणाले, त्यासाठी शेताची एक सरी जाईल. जाऊ दे म्हटलं.

जाळी घेताना पहिला धडा गेजचा. दुकानदार बारा गेजची दाखवत होता. जाळी किलोवर विकतात, बारा गेजची तार बारीक, म्हणून तेवढ्याच लांबीला पैसे कमी पडतात. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे मला ठाऊक नव्हतं, मी उलटं समजत होते. आम्ही दहा गेजची, दोन इंची घराची, सहा फूट उंचीची घेतली, जस्ताचा मुलामा असलेली. पोल लोखंडी अँगलचे, आठ फुटांवर एक. काळ्या जमिनीत पोल नुसते गाडले की पहिल्याच पावसात माती फुगते आणि पोल कलतात. म्हणून दोन फूट खणून खाली मुरूम लागेपर्यंत गेलो आणि काँक्रीट भरलं. कोपऱ्याच्या पोलांना दोन्ही बाजूंनी तिरपे टेके दिले. सगळा ताण कोपऱ्यावर येतो, मिस्त्री हे पुन्हा पुन्हा सांगत होता. जाळीतून वर, मध्ये आणि खाली अशा तीन ताणतारा ओवल्या. सगळं मिळून सव्वा लाखाच्या थोडं वर गेलं.

खालच्या बाजूचं काम मी स्वतः उभी राहून करून घेतलं. कुत्रा कुंपणाच्या बुडाशीच उकरतो, चार हात मागून नाही. म्हणून दीड फूट रुंदीची जाळीची पट्टी कुंपणाच्या आतल्या बाजूने जमिनीवर आडवी अंथरली, उभ्या जाळीला तारेने शिवली आणि वर वीतभर माती टाकली. उकरायला गेला की पंजे जाळीला लागतात. खंडूने पहिल्या आठवड्यात अकरा ठिकाणी उकरून पाहिलं. मी रोज सकाळी फिरून मोजायचे. बाराव्या ठिकाणी त्याने प्रयत्न केला नाही.

आणि तरी तो बाहेर गेलाच. कडब्याची गंज आम्ही उत्तरेच्या जाळीला लागून रचली होती, जुन्या सवयीने. तो गंजीवर चढला आणि तिथून पलीकडे उडी टाकली. चूक सर्वस्वी आमची. तात्यांच्या मुलाने त्याला धरून आणलं आणि त्याच दिवशी गंज हलवली. तेव्हापासून जाळीपासून सहा फुटांच्या आत काहीही ठेवायचं नाही असा नियम आहे. गोवऱ्या नाहीत, सरपण नाही, पाण्याचं पिंपही नाही.

खरी कमजोर जागा निघाली ती फाटक. पाचशे फूट जाळी एकदा ताणली की ती तशीच राहते, पण फाटक दिवसात तीस वेळा उघडतं. दूधवाला, गडी, पोस्टमन, सासूबाईंना भेटायला आलेली मंडळी. फाटकाखाली पाच बोटांची फट होती, तिथे काँक्रीटचा उंबरा घातला. फाटक आपोआप बंद व्हावं म्हणून यांनी कप्पी लावली. फाटकाला दोरी, दोरी कप्पीवरून, दुसऱ्या टोकाला दोन विटा एका पोत्यात. सोडलं की विटा खाली येतात आणि फाटक ओढून घेतात. दोन वर्षांत दोरी तीनदा बदलली, बाकी ते काम चोख आहे. फाटक बंद झालं की तो खडखडाट मला स्वयंपाकघरात ऐकू येतो. तो आला नाही की मी हातातलं काम टाकून बाहेर जाते.

सहा फुटांची जाळी बिबट्याला अडवत नाही. हे वनरक्षक येऊन स्पष्ट सांगून गेले आणि मीही कुणाला खोटी आशा दाखवणार नाही. तो दहा फूट सहज उडी मारतो, झाडावरून उतरतो. जाळीमुळे त्याला एक विचार जास्त करावा लागतो, इतकंच. म्हणून कुत्रा रात्री उघड्यावर नको, हा त्यांचा सल्ला आम्ही जसाच्या तसा मानला. ओसरीला लागून आठ बाय सहाची खोली बांधली. तीन फूट विटा, त्यावर जाड वेल्डमेश, वर जाळी आणि जाळीवर पत्रा. वरची जाळी विसरायची नाही, नुसता पत्रा पंजाने सरकतो. दाराला कडी आहे आणि कडीला खिटी. दिवेलागणीला खंडू स्वतःच आत जाऊन गोणपाटावर बसतो, सासूबाईंच्या हातची चतकोर भाकरी मिळाल्याशिवाय मात्र कडी लावू देत नाही.

गेल्या वर्षीच्या डिसेंबरातली एक सकाळ. रात्री खंडू अजिबात भुंकला नव्हता, आणि तेच मला खटकलं होतं. उठून जाळीच्या बाहेरून फिरले. दंवाने ओल्या झालेल्या मातीत ठसे होते, माझ्या तळहाताएवढे, नखं न उमटलेले. पश्चिमेच्या लांब बाजूने सरळ गेलेले, कोपऱ्यावर थांबलेले, तिथे बसल्याची खूण, मग उत्तरेच्या बाजूने पुन्हा सरळ. खोलीच्या समोर जाळीच्या तारेत दोन-तीन पिवळट केस अडकले होते. तिथून ठसे वळून उसात गेले होते. मी घाईघाईने आत आले. खंडू खोलीत मागच्या भिंतीला अंग चिकटवून उभा होता. दार उघडलं तर तो बाहेर न येता माझ्या पायांत शिरला. मी तिथेच खाली बसले आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. किती वेळ बसले ते आठवत नाही, चहा उकळून पातेलं करपलं होतं.

यंदाच्या मेमध्ये मेंढपाळबाबांचा वाडा पुन्हा आला. जाळीला हात लावून, हलवून, बुडाशी बसून त्यांनी सगळी फिरून पाहिली. खालची पट्टी कुठे पुरलीय ते विचारलं. जाताना मी त्यांच्याकडून खिळ्यांचा एक पट्टा मागून घेतला, पैसे दिले. सकाळी यांच्याबरोबर खंडू दोरी लावून रानात जातो तेव्हा तो त्याच्या गळ्यात असतो. त्याला तो जड वाटत नाही. मी रोज रात्री काढून आतून हात फिरवून बघते, कुठे टोचत तर नाही ना. चामडं मऊ आहे, आतल्या बाजूने मेंढीच्या कातड्याचं अस्तर आहे.

तात्यांच्या घरून परवा अंडी आली, त्यांची बायको स्वतः घेऊन आली होती. फाटकापाशी थांबून तिने आधी खंडू कुठे आहे ते बघितलं, मग आत आली, आणि विटांनी फाटक ओढून घेतलं. पश्चिमेचा ऊस आडसाली आहे, जानेवारीत तुटेल. त्याआधी त्या बाजूच्या दोन ताणतारा पुन्हा ताणून घ्यायच्या आहेत, मधली जरा सैल पडलीय. मिस्त्रीला निरोप धाडलाय.